गोवा, बाबा आणि एकास बहात्तर

गोव्याला जाऊन समुद्रात पायही न बुडवता परत आलेली माणसं तुम्ही कधी पाहिली आहेत? दोन आहेत. त्यातली एक मी.

"गोव्याला चाललेय" असं ऑफिसात जाहीर केलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. नॉर्थ की साऊथ? बागा की पालोळे? किती जण? मी म्हटलं, "वास्को. दोघं. मी आणि बाबा."

शेजारच्या क्यूबिकलमधून एक डोकं वर आलं. "वास्कोत काय आहे?"

"हेलिकॉप्टर."

"राइड देतात?"

"नाही. उभं असतं. बघायचं फक्त."

डोकं परत खाली गेलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. कारण माझ्या बॅगेत तेव्हा सनस्क्रीन नव्हतं. एक वही, मोजायची टेप, टॉर्च आणि प्लॅस्टिकच्या डबीत कापसावर ठेवलेलं अर्धवट हेलिकॉप्टर होतं. लांबी चौदा सेंटिमीटर.

खोक्यातला चंडोल

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं जग डालगोना कॉफी घुसळत होतं, तेव्हा मी प्लॅस्टिकची विमानं चिकटवायला लागले. दिवसभर स्क्रीनवर कोड बघितल्यावर हातात काहीतरी खरं हवं असायचं. स्केल मॉडेलिंग म्हणजे लहानपणीचं खेळण्यातलं विमान नव्हे हं! खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटी पुटीनं भरायच्या, पुन्हा घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. एक मॉडेल दोन-तीन महिने सहज खातं.

यातली सगळ्यात रुळलेली मापं दोन-चारच. माझं आवडतं एकास बहात्तर. मूळचा हिशेब सोपा आहे : एक इंच म्हणजे सहा फूट. या मापात तुम्ही-आम्ही साधारण अडीच सेंटिमीटरचे होतो आणि एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची चूक. हे वाक्य मी बाबांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. "सात सेंटिमीटर म्हणजे खूप झालं," एवढंच म्हणाले.

बाबा नौदलात हेलिकॉप्टर मेकॅनिक होते. कोची, मुंबई, मध्ये काही वर्षं जहाजावर आणि बरीचशी वर्षं गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसावर. माझा जन्म वास्कोचा. सहा वर्षांची होईपर्यंत मी नेव्हीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. आता आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला. बाबांच्या बोलण्यात मात्र अजून एकच हेलिकॉप्टर येतं. चेतक.

चेतकची कुंडली मजेदार आहे. मूळ फ्रेंच, नाव आलुएत थ्री. पहिलं उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९. आलुएत म्हणजे चंडोल पक्षी. भारतानं १९६२ मध्ये ते बनवण्याचा परवाना घेतला, १९६५ पासून बंगलोरच्या एचएएलमधून ती बाहेर पडायला लागली आणि फ्रेंच चंडोलाचा राणा प्रतापांचा घोडा झाला. अशी तीनशेहून जास्त चेतकं आपल्याकडे बनली. तिन्ही दलांनी वापरली, तटरक्षक दलानंही. सात माणसं बसतात. वरचा पंखा तीन पात्यांचा, अकरा मीटर व्यासाचा. पुढचा सगळा भाग काचेचा, म्हणजे पायलट जणू फिशटँकमध्ये बसलाय. आणि सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे इंजिन. केबिनच्या मागे, छतावर, अक्षरशः उघडं. आर्टूस्ट नावाचं, तेही फ्रेंच. त्याच्यावर झाकण नाही, आडोसा नाही.

युद्धाच्या गोष्टी हव्या असतील तर त्याही आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीसाठी नागालँडमधल्या दिमापूरला एक चिमुकली हवाई तुकडी उभी राहिली, किलो फ्लाइट. तिच्याकडे होतं काय? एक डकोटा, एक ऑटर आणि एक आलुएत. त्या आलुएतला रॉकेटं आणि मशिनगन बसवल्या आणि ३ डिसेंबरच्या रात्री त्यानं नारायणगंजजवळच्या गोदनैलच्या तेलसाठ्यांवर हल्ला केला. आपल्या नौदलाची १९६९ साली उभी राहिलेली चेतकची तुकडी, स्क्वाड्रन ३२१, हिचं टोपणनाव 'एंजल्स'. विमानवाहू जहाजावरून विमानं उडताना-उतरताना शेजारी हवेत एक हेलिकॉप्टर थांबून राहायचं. कोणी पाण्यात पडलाच तर त्याला उचलायला. म्हणून देवदूत.

मी हे सगळं वाचून बाबांना ऐकवायचे. बाबा ऐकायचे आणि मग सांगायचे धुण्याबद्दल. समुद्रावरून उडून आलं की हेलिकॉप्टर गोड्या पाण्यानं धुवायचं. रोज. कारण खारं वारं, आणि इंजिन उघडं. "पायलट चहा प्यायला जायचा, आम्ही आंघोळ घालत बसायचो." बाबांच्या आठवणीत चेतक उडत नाही. ते कायम जमिनीवर उभं असतं, ओलं, आणि बाबांच्या हातात फडकं असतं.

काचेवरचा डाग

मागच्या वर्षी बाबांना वाचताना ओळींचा मधला भाग दिसेना. तपासण्या झाल्या. डोळ्याच्या पडद्याचा आजार, मॅक्युलर डीजनरेशन. यात माणूस आंधळा होत नाही, घरात नीट चालतो-फिरतो. पण जिथे रोखून बघावं नेमकं तिथेच दिसत नाही. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. इंजेक्शनं चालू आहेत. गेलेलं परत येईल असं कोणी म्हणालेलं नाही. आहे ते टिकवायचं.

त्याच आठवड्यात मी चेतकचा किट मागवला. आधी मागवायला काय झालं होतं? काही नाही. पुढच्या वर्षी करू, एवढंच. तुम्हालाही हे 'पुढच्या वर्षी' माहीत असेलच.

किटच्या पुढच्या काचा बसवताना मी घाई केली. सुपरग्लू वापरला. मॉडेलिंगमधला हा पहिल्या इयत्तेतला धडा आहे : पारदर्शक भागाला सुपरग्लू लावायचा नाही, त्याच्या वाफेनं काच पांढरी होते. सकाळी बघते तर चेतकचं सगळं नाक धुरकट. मधोमध दाट, कडेला जरा बरं.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, मान तिरकी करून कडेनं बघितलं. म्हणाले, "मला पण अस्संच दिसतं. आता काय करतात याला?"

"बारीक पॉलिश पेपरनं घासायचं. मग टूथपेस्ट."

"मग माझ्याही डोळ्यात घाल थोडी."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, आम्ही दोघं हसलो. काच दोन रात्री घासून बऱ्यापैकी साफ झाली. आणि परत बसवली ती आपल्या साध्या फेव्हिकॉलनं. तो वाफ सोडत नाही आणि सुकला की पारदर्शक होतो. परदेशातली मॉडेलर मंडळी महागड्या बाटल्यांतून जे विकत घेतात, ते आपल्या कपाटात शाळेपासून असतं!

खरी अडचण इंजिनची. किटमधलं इंजिन म्हणजे भुईमुगाच्या शेंगेएवढा गुळगुळीत तुकडा. पण खऱ्या चेतकवर तर तेच सगळ्यात आधी दिसतं. नळ्या, वायरी, क्लॅम्प, सगळं उघड्यावर. मी जुन्या इअरफोनमधल्या तांब्याच्या तारा काढल्या, इंजेक्शनच्या सुया कापल्या. पण कुठली नळी कुठून निघून कुठे जाते? नेटवरच्या दहा फोटोंत दहा प्रकार. बाबांना विचारलं की त्यांचे हात हवेत हलायचे. "इथून निघतो, असा वळतो, आणि इकडे जातो." फोटो दाखवावा, तर नेमकी ती नळी त्यांना दिसायची नाही. ज्याला सगळं माहीत, त्याला दिसत नाही. जिला दिसतंय, तिला काही कळत नाही.

"बोगमाळोला एक आहे," बाबा एके दिवशी म्हणाले. "म्युझियममध्ये."

मी तिकिटं काढली.

वास्को, पहाटे

पुण्याहून गोवा एक्स्प्रेस. मिरज, बेळगाव, लोंढा करत कॅसलरॉकचा घाट उतरते आणि पहाटे वास्कोला सोडते. दूधसागर रात्रीत निघून जातो, हाच काय तो तोटा. बाबा मात्र घाटात जागे होते. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. मी म्हटलं, "झोपा की, काही दिसत नाहीये."

"तुला पण नाही ना? मग बरोबरीत आहोत." बोगदा आला की गाडीचा आवाज बदलायचा आणि ते मान हलवायचे, जणू हजेरी घेतायत.

वास्को हे गोव्यातलं बिनपर्यटकी गाव आहे. बंदर, रेल्वे, नेव्ही, सकाळी पावाची पोंक वाजवत फिरणारे पोदेर. आम्ही पाव-भाजी खाल्ली, टॅक्सी केली आणि दाबोळीवरून बोगमाळोच्या रस्त्याला लागलो. म्युझियम पठारावर आहे, खाली बोगमाळोचा बीच. टॅक्सीवाला दोनदा म्हणाला, "बीच खाली आसा." आम्ही दोनदा नको म्हटलं.

नेव्हल एव्हिएशन म्युझियम सुरू झालं १९९८ मध्ये. अर्धं आत दालनांत, अर्धं बाहेर मोकळ्यावर. शिरल्या शिरल्या नजर जाते ती चार इंजिनांच्या, तीन शेपट्यांच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर. एके काळी एअर इंडियात ऐटीत फिरलेलं विमान. मग जुनं सीलँड, म्हणजे नौदलाचं पहिलंवहिलं विमान. 'विक्रांत'वरून उडालेलं सी हॉक. सरळ वर उडू शकणारं सी हॅरियर. दुसरी कोणी असते तर इथंच तासभर रमले असते. पण बाबा माझा दंड धरून चालत होते आणि ते थांबायला तयार नव्हते.

चेतक दिसलं तेव्हा मीच थांबले. सहाव्या वर्षी बघितलेलं ते माझ्या डोक्यात राक्षसाएवढं होतं. प्रत्यक्षात ते आमच्या सोसायटीच्या टेम्पोपेक्षा फार मोठं नव्हतं.

बोर्डच्या अलीकडे

बाबा समोर उभे राहिले. मान तिरकी केली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही काढ."

आणि सुरू झालं. "डाव्या बाजूला ये. दरवाज्याच्या वर माणूस उचलायचा होइस्ट असतो. आहे? त्याचा हात किती पुढे येतो? नुसतं 'थोडा' नको. टेप हवेत धर, लांबून अंदाज घे." "इंजिनकडे बघ. धुराड्याकडून पुढे यायचं. मागून पुढे. आता खाली. नळी दिसते? जाड की बारीक? दोन क्लॅम्प दिसतायत का?" "शेपटावरून शाफ्ट गेलाय, मागच्या पंख्याला फिरवणारा. त्याचे आधार मोज. मोठ्यानं मोज."

मी मोठ्यानं मोजले. बाजूनं जाणाऱ्या शाळेच्या सहलीतली दोन मुलंही माझ्याबरोबर मोजायला लागली.

"बरोबर," बाबा म्हणाले. चेहरा असा, की जणू माझा नाही, हेलिकॉप्टरचा पेपर तपासला.

दोन तास हे चाललं. मी फोटो काढत होते, रेखाटत होते, आणि मधेच लक्षात आलं की मी हे हेलिकॉप्टर पहिल्यांदाच बघतेय. किट हातात घेऊन तीन महिने झाले होते, पण माझं सगळं बघणं बाहेरच्या रेषांचं होतं. बाबा त्याला क्रमानं बघत होते. कुठून सुरुवात करायची, कशानंतर काय तपासायचं, काय सुटलं तर माणूस मरेल.

ड्युटीवरचा एक तरुण नौसैनिक एव्हाना आमच्याजवळ येऊन थांबला होता. "सर, आप नेव्ही में थे?" बाबांनी सांगितलं. तो सावधान झाला नाही, पण खिशातले हात बाहेर आले. दोघं थोडा वेळ बोलले. डोळ्यांचं मी हळूच सांगितलं. तेव्हा तो इकडे तिकडे बघून म्हणाला, "सर, हाथ लगाना हो तो लगा लीजिए. कोई नहीं है."

बाबांचा हात उठलासुद्धा. मग खाली आला. "नहीं. बोर्ड लगाया है ना."

बोर्ड होता. हात लावू नये. बाबांना तो वाचता आला नसणार. पण तो असणार हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात दाबोळीच्या बाजूनं हेलिकॉप्टरचा आवाज आला. मी वर बघायला लागले. बाबांनी बघितलंच नाही. "चार पात्यांचं. ध्रुव असेल," म्हणाले. "आपलं नव्हे."

हरवलेला भाग

पुण्यात आल्यावर कामाला वेग आला. मी वहीतून वाचायचे, बाबा शेजारी बसून हो-नाही करायचे. इंजिनवर नऊ नळ्या झाल्या. रंगाचा वाद झाला. म्युझियममधला रंग बाबांनी साफ नाकारला. उन्हापावसात उभ्या असलेल्या विमानाला पुन्हा पुन्हा रंग फासतात, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणे. मग तीन राखाडी मिसळून मी एक केला. किटमध्ये खुणा फ्रेंच होत्या. केशरी-पांढरी-हिरवी चक्रं आणि 'नौसेना' ही अक्षरं घरीच छापली. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे खाली पांढरा गोल आधी रंगवावा लागला.

आणि एका रात्री होइस्टचा हूक उडाला. तीन मिलिमीटरचा भाग, चिमट्यातून टण्णकन. मॉडेल करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आम्ही हळहळतो आणि तारेचा दुसरा बनवतो. मी तेच म्हटलं.

बाबा उठून उभे राहिले. "कोणी हलायचं नाही."

"बाबा, तीन मिलिमीटर आहे..."

"हँगरमध्ये काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला, एक नट कमी भरला, तर विमान उडत नाही. तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. कारण तो कुठे असू शकतो? इंजिनमध्ये." रात्रीचे साडेअकरा. सकाळी माझा क्लायंट कॉल. आणि आम्ही तिघं, आईसकट, टॉर्च जमिनीला लावून हॉल पालथा घालत होतो. फरशीवर आडवा उजेड टाकला की बारीक वस्तूची सावली लांब पडते, ही बाबांची युक्ती. हूक सापडला टीव्हीच्या स्टँडखाली. आईला.

बाबा बसले. "आता करा पुढे."

वाकण्यासाठीच

मॉडेलच्या जगात एक नियम आहे. तयार मॉडेलला हात लावायचा नाही. काचेच्या पेटीत ठेवायचं, लांबून बघायचं. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम या चेतकवर केलं होतं. केसाएवढ्या अँटेना, सुईएवढे पाइप. आणि ते ज्याच्यासाठी केलं होतं, त्याला बघून कळणार नव्हतं. पेटी मागवून झाली होती. ती मी उघडलीच नाही.

बाबांनीच एक गोष्ट सुचवली होती. "पाती मागे दुमडून ठेव. जहाजावर हँगरमध्ये तसंच ठेवतात." त्यामुळे पंखा वाचला. शेवटचा रंग सुकल्यावर मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी डोळे मिटले. नाकापासून सुरुवात. अंगठा काचेवरून गेला, दरवाज्यावरून, होइस्टवर थांबला. मग वर इंजिनकडे, मागून पुढे. एकेका नळीवर बोट थांबत होतं. मी श्वास धरून. मग शाफ्ट, त्याचे आधार, ते पुटपुटत मोजले. मग शेपूट. तिथे मागच्या पंख्याखाली नळीचा एक वाकडा गार्ड असतो.

कट्. तुटला.

मला वाटलं बाबांना वाईट वाटेल. त्यांनी तुकडा बोटांत धरून चाचपला. "टेल गार्ड ना? त्याचं कामच ते. उतरताना शेपूट टेकलं तर हा आधी वाकतो, पंखा वाचतो." तुकडा माझ्या हातात दिला. "प्लॅस्टिकचा केलास म्हणून तुटला. वाकायला हवा."

दुसऱ्या दिवशी मी तो तांब्याच्या तारेचा केला.

चेतक आता बाबांच्या पलंगाशेजारी असतं, पेटीबिटी काही नाही. एक अँटेना गेली, 'नौसेना'तला मात्रा घासला गेलाय. रोज सकाळी चहाच्या आधी बाबा ते नाकापासून शेपटापर्यंत तपासतात आणि आईला सांगतात, "झालं." गार्ड थोडा वाकलेला असतो. ऑफिसला निघताना मी तो सरळ करते.

जाणार असाल तर...

कुठे : नेव्हल एव्हिएशन म्युझियम, बोगमाळो रोड, वास्कोजवळ. दाबोळी विमानतळ अगदी हाकेच्या अंतरावर. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झालाय, पण तो उत्तर टोकाला. तिथे उतरलात तर प्रवासाचा वेळ धरा.

रेल्वेनं : पुणे-मिरजकडून येणाऱ्यांना गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला आणते.

केव्हा : सोमवारी बंद असतं. वेळ आणि तिकीट निघण्याआधी विचारून घ्या. बाहेरची विमानं उन्हात उभी आहेत, म्हणून सकाळी जा. टोपी आणि पाणी विसरू नका.

मॉडेल करायचंय? : सुरुवात एकास बहात्तरच्या स्वस्त, कमी भागांच्या किटनं. हवं फक्त छोटं कटर, चिमटा, बारीक पॉलिश पेपर, प्लॅस्टिकचा गोंद आणि काचांसाठी फेव्हिकॉल. काम संपलं की हत्यारं मोजा.